कारण लिहून द्या

नव्वदच्या दशकात लखनौला पीएच.डी.साठी जागा राखीव असून भागत नव्हतं. आधी गाइडची सही लागे, आणि सही कुणाला द्यायची ते गाइडच्या मर्जीवर. आम्ही विद्यार्थी संघटनेच्या पत्रकांत लिहायचो: दार उघडं, उंबरठ्यावर पहारा.

अर्जाची शेवटची तारीख होती. मी आणि माझी मैत्रीण विभागप्रमुखांच्या दाराशी उभ्या; गाइडही तेच. ती मलिहाबादची, वडील दुसऱ्यांच्या बागेत आंबे उतरवायचे. एम.ए.ला वर्गात पहिली. राखीव जागेवर अर्ज तिचा एकटीचा. माझ्या वडिलांचा जातीचा दाखला महाराष्ट्रातला, तो इथं चालत नव्हता. म्हणून मी खुल्या जागेवर.

आधी मला बोलावलं. सरांनी आडनाव वाचलं आणि चेहरा खुलला. "अच्छा, महाराष्ट्र! वहाँ के पंडितों की बात ही और है." सही ठोकली. आम्ही बौद्ध. पण लखनौत आमच्या आडनावावरून जात कळत नाही; सोयीचं असेल ते लोक समजतात. मी गप्प राहिले, कारण मैत्रिणीचा अर्जही माझ्याच हातात होता. तो पुढे केला.

त्यांनी प्रवर्गाची ओळ वाचली आणि पेनाला टोपण लावलं.

"बेटा, तुम अपनी हो, इसलिए कहता हूँ. इसे समझा दो, बी.एड. कर ले. रिसर्च इन लोगों के बस की नहीं."

मी म्हटलं, "सर, इन लोगों में हम भी हैं."

त्यांचा हात टेबलावरच्या माझ्या अर्जाकडे सरकला. "पहले बताना चाहिए था."

"आपने पूछा कहाँ?"

दार ढकलून मैत्रीण आत आली. बाहेर सगळं ऐकू जात होतं. मी भाषणाला तोंड उघडलं, तर तिनं कोपर दाबलं. "तू चुप रह, यार." मग त्यांना म्हणाली, "सर, मना कर दीजिए. बस वजह यहीं लिख दीजिए, नीचे दस्तख़त."

"कैसी वजह?"

"जो अभी इससे कही."

त्यांनी पेन उघडलं. निब कागदावर टेकली आणि थांबली. शाईचा ठिपका पसरत गेला. जे बोलताना जीभ अडली नाही, ते लिहायला हात धजेना. शेवटी सही केली, आणि अर्ज तिच्या हातात न देता टेबलावरून सरकवला.

दोन्ही अर्ज घेऊन बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मेरी वाली बाद में काट दी तो?"

"वजह लिखनी पड़ेगी ना," ती म्हणाली आणि ऑफिसकडे धावत सुटली. खिडकी बंद व्हायची वेळ झाली होती.