एक आपला, दोन पाव्हण्याचे

नरसय्यामामांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते काचेला गाठ मारत होते.

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. शेवगावची मी, हातात ताजा डिप्लोमा घेऊन नगरच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात त्याच सकाळी रुजू झाले होते. शेडच्या कोपऱ्यात एक गृहस्थ केसाहून बारीक असा काचेचा ऑप्टिकल फायबर रिळावर गुंडाळत होते. तो मध्येच तुटला. त्यांनी अंगठा जिभेला लावला, दोन्ही टोकं जुळवली आणि चुटकीसरशी गाठ वळली. मी किंचाळलेच.

"बाई, तुटलं की जोडायचं असतंय," ते शांतपणे म्हणाले.

"मामा, यातून उजेड जायचा असतो. गाठीतून तो जाणार नाही!"

मामांनी फायबर डोळ्यांजवळ धरून निरखला. "आस्सं व्हय! उजेडाला गाठ चालत न्हाई."

त्यानंतर त्यांनी कधी गाठ मारली नाही. माझं ते किंचाळणं मात्र अजून सगळ्यांना करून दाखवतात.

हात असा वळण्याला कारण होतं. मामा भिंगारच्या पद्मशाली विणकरांच्या घरातले. लहानपणापासून मागासाठी सुताच्या कांड्या भरलेल्या. पुढे माग बंद झाला, तेव्हा विहिरीवरच्या जळक्या मोटारी रिवाइंड करू लागले. तिथे बस्तान बसलेलं असताना आमच्या शेठनी त्यांना अक्षरशः मागून आणलं.

काम होतं जायरोस्कोपच्या कॉइलचं, म्हणजे फायबरच्या वेटोळ्याचं. जायरोस्कोप म्हणजे विमान किती वळलं हे सांगणारं यंत्र. कॉइलमधून दोन्ही बाजूंनी उजेड सोडायचा आणि त्यातल्या सूक्ष्म फरकावरून वळण ओळखायचं. अशा कॉइल बाहेरून फार महाग पडत, म्हणून एका प्रयोगशाळेनं आम्हाला त्या स्वस्तात करून पाहायला सांगितलं होतं. गुंडाळणीचं परदेशी मशीन शेठनी कॅटलॉगात पाहिलं, किंमत वाचली आणि कॅटलॉग पालथा ठेवला. मामांनी मोटार रिवाइंडिंगचंच जुनं मशीन घेतलं. फायबरवर ताण सारखा राहावा म्हणून त्याच्या वाटेत एक हलकी पुली टांगली आणि तिला सोनाराच्या तराजूतली वजनं लटकवली. आमचं सगळं तंत्रज्ञान एवढंच!

पहिली कॉइल सपशेल फसली. दुपारी पत्रे तापले, आणि टेबलावर पडून असलेला जायरो आपण फिरतोय असं सांगू लागला. मामा म्हणाले, "जागचं हालत न्हाई अन् फिरून आलो म्हनतंय. आमच्या गल्लीत हाय असा एक."

चूक कळायला मला आठवडा लागला. फायबर एका टोकाकडून गुंडाळला, तर त्याचे दोन अर्धे भाग कमीजास्त तापतात आणि यंत्र फसतं. म्हणून सुरुवात फायबरच्या मध्यापासून करायची. दोन्ही अर्धे दोन रिळांवर घ्यायचे आणि थर ठरावीक क्रमानं आलटून पालटून द्यायचे: पहिल्या रिळाचा एक, दुसऱ्याचे दोन, पुन्हा पहिल्याचे दोन. मी फळ्यावर आकृत्या काढून घसा कोरडा केला. मामांच्या हाताखालच्या चार मुली आकृत्या नुसत्या उतरवून घेत होत्या. शेवटी मामा म्हणाले, "सोपं हाय की. एक आपला, दोन पाव्हन्याचे. मंग दोन आपले, दोन पाव्हन्याचे."

हे कुठून आलं ते मला ठाऊक होतं. माझी खानावळ बंद असली की मामा मला हक्कानं भिंगारला जेवायला नेत. अंबाडीची भाजी, ज्वारीच्या भाकरी. स्वतःच्या ताटात एक घेत, माझ्या ताटात दोन टाकत. मी नको म्हटलं की, "ह्या घरात आसंच वाढत्यात." त्या दिवसापासून एक झालं घरचं रीळ, दुसरं पाव्हण्याचं.

आता फायबर एकाच कॉइलपुरता उरला होता. शेठनी स्पष्ट सांगितलं, ही फसली तर विभाग बंद. मामा, मी आणि त्या चार मुली, सगळे घरी. मामांनी तर जम बसलेला धंदा सोडलेला. कॉइल संपत आली, त्या दुपारी शेठचे एक स्नेही शेड पाहायला आले. मामांनी मशीन थांबवून त्यांना आपला चहा दिला, चार शब्द बोलले आणि पुन्हा कामाला बसले.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेचे साहेब यायचे होते. सकाळीच मामा माझ्याजवळ आले. चेहरा उतरलेला. "बाई, पाव्हन्याचा दोरा भलत्याच काठाला उभा हाय. काल खरा पाव्हना आला अन् ह्या दोऱ्याचा एक थर ऱ्हायला. वर घरचे दोन चढलेत."

मी थरांच्या नोंदीचं रजिस्टर उघडलं. तिथे पाव्हण्याच्या दोन्ही थरांवर माझी खूण होती. थर व्हायच्या आधीच करून ठेवलेली! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामा त्या खुणेबद्दल अवाक्षर बोलले नाहीत, आजतागायत नाहीत.

शेठ म्हणाले, "चालवून घ्या, कोण बघतंय?"

"बघनार कोन न्हाई. पन ते जायरो बोलंल ना," मामा म्हणाले आणि उलगडायला बसले. फायबर तुटला असता तर सगळं संपलं होतं. साहेब आले, त्यांनाही शेजारी बसवलं. दोन थर उतरेपर्यंत शेडमध्ये कोणी शिंकलंसुद्धा नाही. मामांची बोटं मात्र कांडी भरल्यासारखी सहज चालली होती. संध्याकाळपर्यंत राहिलेला थर आणि वरचे सगळे बसले.

साहेब मुक्कामाला थांबले. दुसऱ्या दुपारी पत्रे तापले. जायरो काय सांगतोय त्याची रेघ पेन कागदावर ओढत होतं. मामा बाहेर पायरीवर बसलेले. मी धावत गेले.

"काय झालं?" मामांनी विचारलं.

"काही नाही."

त्यांनी मान खाली घातली. "अहो मामा, काहीच नाही झालं! रेघ सरळ आहे! तो गप्प बसलाय!"

मामा उठले आणि शेडभर साखर वाटत सुटले. साहेबांना दोन चिमटी दिल्या.

पुढे तो विभाग वाढला, आम्ही मार्गी लागलो. मला शिकवलं कोणी, हे विचारलं की मी मामांचंच नाव सांगते.

मामा, आज आपल्याला पंचाहत्तर पूर्ण होत आहेत. आपल्या कॉइलची सुरुवात मध्यापासून व्हायची, तेव्हा हा मध्य आहे असं आम्ही धरलं आहे. हात असेच हलके राहोत, प्रकृतीची रेघ सरळ राहो. आजवर दोन-दोन थर पाहुण्यांना दिलेत. क्रमानं पुढचे दोन आपले आहेत. या वेळी रजिस्टरमधली खूण मी थर पूर्ण झाल्यावरच करीन.