देवाने जा म्हटले होते

शेजारच्या घरी आज चुना भिजवला आहे. जत्रा जवळ आली, तेव्हा तुळशीवृंदावनाला आणि पुढच्या भिंतीला हात मारायचा असेल. चुन्याच्या खड्यांवर पाणी पडले की आधी ते चुरचुरतात, मग पिंप तापते आणि घशाला किंचित लागणारा एक ओला वास वाऱ्याबरोबर येतो. लोक त्या वासाला नाक मुरडतात. मी मात्र सकाळपासून तीनदा कुंपणापाशी जाऊन आले. तिसऱ्या वेळी शेजारणीने विचारलेच, काकी, काही हवे होते का. मी म्हटले, काही नको. तो वास मला कुठे घेऊन गेला होता हे सांगितले असते, तर म्हातारी चळली असेच तिला वाटले असते.

हा वास मला भेटला तो मेक्सिको नावाच्या देशातल्या एका बाजारात. तिथे मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, भिजत ठेवतात, चोळून धुतात, वाटतात आणि त्याच्या लहान भाकऱ्या करतात. मी चौथी शिकलेली बाई. तो देश नकाशावर बोट ठेवून दाखवा म्हटले तर मला यायचे नाही. पण त्या बाजारातली भाकरीवाली कुठल्या खांबाला पाठ लावून बसत होती, तिच्या उजव्या हाताला काय होते आणि डाव्या हाताला काय, हे मी डोळे मिटून सांगेन.

थंडीतून पळून लोक उन्हाच्या देशात जातात, हे मला सत्तरीपर्यंत माहीत नव्हते. आमच्याकडे थंडीतून कोणी कशाला पळेल? आमची थंडी म्हणजे सकाळी कुळथाच्या शेतावर दव, आंब्याला मोहर, अंगणात गळलेल्या पानांचा पातेरा पेटवून चार माणसे शेकायला बसलेली. नऊ वाजले की ऊन पाठीला चावू लागते आणि थंडी संपते. पावसात राबलेल्या अंगाला मिळालेली ती सुट्टी असते. माझा मुलगा राहतो त्या कॅनडात थंडी अशी येऊन जात नाही. ती घरात मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखी बसते आणि आपण तिच्याभोवती आवाज न करता वावरायचे.

नवरा गेला, त्याचे वर्षश्राद्ध झाले आणि मुलगा मला घेऊन गेला. एकटी इथे काय करशील, असे तो म्हणाला. मी जाण्याआधीच ठरवून टाकले होते, की मला तिथे आवडायचे नाही. न आवडणे माझ्या वयाला शोभून दिसते. आणि पहिले दोन महिने माझ्या मनासारखे झाले. खिडकीबाहेर पांढरे, वर पांढरे, खाली पांढरे. झाडांना पाने नाहीत, रस्त्यावर माणूस नाही, कोंबडी नाही, कुत्रे नाही. या खोलीतून त्या खोलीत मी दिवसभर चालायची. सून बिचारी विचारायची, आई, काही दुखतेय का. दुखत काहीच नव्हते. पायांना जायला जागा नव्हती, एवढेच. रोज जेवताना मी मुलाला सांगायची, माका घराक धाड. शेवटी तो कंटाळला असावा. म्हणाला, शिमग्याला धाडतो, पण त्याआधी दहा दिवस आपण सगळी उन्हात जाऊन येऊ.

विमानातून उतरले तेव्हा पहिल्यांदा अंगावर आले ते ऊन, आणि त्याच्या मागोमाग रंग. सावंतवाडीची लाकडी फळे तुम्ही पाहिली असतील, केळे पिवळेधमक, आंबा शेंदरी, वांगे जांभळे. त्या रंगाने कोणी अख्खी गल्ली रंगवली तर कसे दिसेल, तसे ते गाव होते. एक घर हळदीचे, त्याला चिकटून एक निळीचे, पलीकडचे डाळिंबाच्या दाण्यांचे. रस्त्यावरून कातरलेल्या कागदाच्या पताका. आपल्याकडे घराला असा रंग दिला तर चार माणसे विचारतील, लग्न आहे का. तिथे रोजच्या दिवसाला लोकांनी तो मान दिला होता. बाजारात गेले तर पेरू, पपई, सीताफळ, ओल्या मिरच्यांचे ढीग, झेंडूच्या राशी. इतकी पृथ्वी ओलांडून मी माझ्याच परसात येऊन पोचले होते, फक्त परस कोणीतरी रेडिओसारखे जोरात, मोठ्या आवाजात लावले होते.

माझी नात तेव्हा सतरा वर्षांची होती. तिच्या गळ्यात कायम कॅमेरा. तिच्या फोटो काढण्यावरून आमचे पहिल्या दिवसापासून वाजले. फोटो म्हणजे काय हे मला ठाऊक होते. पदर सारखा करायचा, हात सरळ सोडायचे, समोर बघायचे आणि काढणारा सांगेपर्यंत श्वास धरायचा. पासपोर्टच्या वेळी कुडाळच्या फोटोवाल्याने तर बजावले होते, आजी, हसू नका, हसलेला फोटो परत येतो. मी कसली हसते. ही पोर मात्र काही न सांगता कुठूनही फोटो काढायची. मी चप्पल शोधताना, मी पपईची बी दातातून काढताना, मी कुणाच्या तरी घागऱ्याकडे बघताना. मी रागावले. म्हटले, जरा सांगून तरी काढ. ती तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "आजी, तुला सांगितलं की तू खांब होतेस. मला खांबाचा फोटो नको."

बाजारात तो चुन्याचा वास आला आणि मी वासाच्या मागे गेले. मुलगा आणि सून कुठल्या तरी मातीच्या ताटल्या बघत होती. एका खांबाशी माझ्याच वयाची एक बाई भाकऱ्या थापत बसली होती. दोन वेण्या, कमरेला फुलांचे भरतकाम केलेला आडवा पट्टा, हात कोपरापर्यंत पिठाचे. तिची भाकरी दोन तळव्यांमध्ये थपथप करत वाढत होती, ना परात ना पाट. आपण तांदळाच्या पिठाची भाकरी परातीत थापतो, बोटांनी फिरवतो. हिची हवेतच गोल होत होती. पन्नासहून जास्त वर्षे भाकऱ्या केलेली बाई हे उभ्याने बघू शकत नाही. मी खाली बसले आणि हात पुढे केला. तिने माझ्याकडे बघितले, एक गोळा माझ्या तळव्यावर ठेवला आणि आपले काम सुरू ठेवले, जशी काही मी रोजचीच येणारी होते.

माझी पहिली भाकरी फाटली. दुसरी एका बाजूने जाड झाली. तिसरी खाली पडली. तिची मात्र तव्यावर पडली की फुगायची. मी तिला आमच्या बोलीत म्हटले, "गो बाय, तुजी फुगता, माजी कित्याक नाय?" तिला काय कळले देव जाणे. तिने आपल्या भाषेत काहीतरी लांबलचक उत्तर दिले आणि शेजारच्या मिरचीवाल्या बायका हसायला लागल्या. नात मागे उभी होती, तिला शाळेत ती भाषा थोडी शिकवलेली. मी विचारले, काय म्हणते ही. नात म्हणाली, "ती विचारतेय, तुझ्या नवऱ्याने इतकी वर्षं जेवण कुठे केलं?"

मग मी हसले. कशी, ते मला तेव्हा कळले नाही. दोन तास मी तिथे बसले. माझी अकरावी की बारावी भाकरी फुगली तेव्हा त्या बाईने ती मीठ लावून माझ्याच हातात खायला दिली. तेवढ्यात मुलगा घामाघूम होऊन आला. सगळा बाजार पालथा घातला म्हणाला, आणि तू इथे भाकऱ्या करतेस. भाकऱ्याच करायच्या होत्या तर घरी काय कमी पीठ होते, असेही म्हणाला. त्याचे बरोबर होते.

शिमग्याला मी गावी परत आले आणि सगळ्यांना सांगितले, की हाल झाले. बर्फ सांगितला, पांढरी खिडकी सांगितली, चव नसलेले अन्न सांगितले. खोटे त्यात काहीच नव्हते. फक्त ते दहा दिवस मी सांगितले नाहीत. विधवा बाई लेकाकडे जाऊन सुखात राहून आली, यात ऐकणाऱ्याला काही गंमत नसते. हाल झाले म्हटले की लोक जवळ सरकून बसतात.

गणपतीच्या सुमारास नातीने फोटोंचे पाकीट पाठवले. मी दार लावून उघडले. एकाही फोटोत मी समोर बघत नव्हते. आणि त्यात भाकरीवालीपाशी काढलेला तो एक होता. मान मागे गेलेली, पदर खांद्यावरून खाली, हात पिठाचे, तोंड एवढे उघडे की पडलेल्या दाढेची जागा दिसते. मी बराच वेळ बघत राहिले. ही बाई मला माहीत नव्हती. माझा नवरा वाईट माणूस नव्हता, पण त्याने इतक्या वर्षांत ही बाई पाहिली नव्हती, हे मला ठामपणे सांगता येईल. त्याला दाखवायची राहून गेली की ती तेव्हा नव्हतीच, हे मात्र सांगता येत नाही. वर्षश्राद्धानंतर चार महिन्यांचे ते तोंड. मला लाज वाटली. मी पाकीट तांदळाच्या पिंपात खाली घातले.

त्याच दिवाळीत मुलाचा फोन आला, या हिवाळ्यात परत ये, पुन्हा उन्हात जाऊ, पोरगी विचारते आहे. मी म्हटले, देवाला विचारते. आमच्या गावात मोठे काम कौल लावल्याशिवाय कोणी करत नाही. गुरव देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणे घालतो आणि आपण बसून वाट बघायची. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. त्या दिवशी देवळात गुरव आणि मी दोघेच होतो. मी मनात म्हणत होते, गावभर हाल सांगून बसलेली मी आता कोणत्या तोंडाने जाऊ, डावी पाड, म्हणजे मी सुटले. पाकळी उजवी पडली, तीही लगेच, जसा काही देव आधीपासून तयारच होता. गुरव म्हणाला, काकी, जा बिनधास्त. मी घरी आले आणि मुलाला फोनवर सांगितले, की देव नाही म्हणतो.

त्याने एकही प्रश्न विचारला नाही. इतकी वर्षे परदेशात राहून, इंग्रजीत भांडूनसुद्धा देवाने नाही म्हटले म्हणजे नाही, एवढे गाव त्याच्यात शिल्लक आहे. त्याच्यापुढे आईचा हट्ट चालला नसता. देवाचा चालला.

त्याचे फळ मी यंदा भोगते आहे. हिवाळा आला, मोहर आला, आणि मुलगा मला बोलवत नाही. दर रविवारी फोन येतो, तब्येत विचारतो, विहिरीचा पंप विचारतो, काजू विचारतो. ते सोडून सगळे. देवाने नको म्हटलेली गोष्ट तो दुसऱ्यांदा कशी विचारेल? मी मात्र घरात टिकत नाही. काम नसताना कुडाळचा आठवडा बाजार करून येते. घेते काही नाही, मिरच्यांच्या ढिगापाशी उभी राहते आणि परतीची एसटी पकडते. दळलेले पीठ पुन्हा चाळते. वाळत घातलेले लुगडे ओलेच काढून दुसऱ्या दोरीवर टाकते. मागच्या आठवड्यात मी गुरवाला गाठले आणि म्हटले, परत एकदा कौल लावू. खरे काय घडले ते फक्त त्याला ठाऊक होते आणि वर्षभर त्याने तोंड उघडले नव्हते. तो सुपारी कातरत होता. मान वर न करता म्हणाला, "एकाच कामाक दोनदा विचारूचा नसता, काकी. देवान आपला सांगून झाला. आता ऱ्हवला ता तुजा."

काल रविवार होता. पंपाचे झाल्यावर मी मुलाला म्हटले, गेल्या वर्षी देवाने उजवा कौल दिला होता. डावा मी सांगितला. तो म्हणाला, "आये, देवाच्या नावान खोटां बोललंस? कित्याक?"

मी म्हटले, "माका थंय बरां वाटलां होतां."

हे एवढे वाक्य. हाल झाले हे मी शंभर वेळा सांगितले असेल, जीभ कधी अडखळली नाही. हे मात्र पहिल्यांदाच तोंडातून निघाले. मुलगा रागावला नाही. त्याने सरळ सांगितले, पोरगी आता दुसऱ्या शहरात कॉलेजात गेली, चार दिवस घरी येते आणि त्यातले दोन झोपते. यंदा उन्हात जायचे नाही. गेल्या वर्षी तिच्यासाठीच ठरवत होतो, ती घरी असलेला तो शेवटचा हिवाळा होता. "हंय नुसतो बर्फ आसा," तो म्हणाला. "चलात तुका?"

मी म्हटले, चालेल. बर्फाशी माझी ओळख झालेली आहे.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ हिशेब लावत बसले, की माझे नक्की काय गेले. बाजार तिथेच असणार. ती बाई असली तर असेल, आमच्या वयाचा भरवसा नसतो. नात आहे, पण मागे उभी राहून न सांगता फोटो काढणारी ती सतरा वर्षांची पोर आता कुठल्याही देशात सापडायची नाही. तो एक हिवाळा माझ्यासाठी ठेवलेला होता, देवाने वाटही मोकळी केली होती, आणि मी तो चार बायकांना हाल सांगण्यासाठी घालवला. रडण्यासारखे यात काही नाही. चूक माझी आहे, आणि या वयात स्वतःची म्हणावी अशी चूक तरी कितीजणांकडे असते? उरले आहे ते एवढेच, की बरे वाटणे लपवायला मी मोठ्या मेहनतीने शिकले होते आणि ते विसरायला माझ्याकडे आता थोडे हिवाळे आहेत. पहिला, दिसते आहे, पांढरा निघणार.