कॅलेंडरचं कव्हर घातलेली कादंबरी

वॉल्टरची कादंबरी मी सात वर्षं वाचली नव्हती, आणि वाचली असं त्याला पहिल्याच महिन्यात सांगून बसलो होतो.

नव्वदच्या दशकात आखातातल्या मुसफ्फामध्ये, एका पंपांच्या कंपनीत आम्ही शेजारी बसायचो. मी ड्रॉइंग्ज काढायचो, तो मॅन्युअल्स लिहायचा. अमेरिकेत हा माणूस कादंबरीकार होता, सिनेमाच्या पटकथा लिहायचा. पाच पटकथांपैकी एकीचाच सिनेमा झाला, आणि तिचाही शेवट कुणीतरी परस्पर बदलला. ‘‘म्हणून पंपांबद्दल लिहितो,’’ तो म्हणायचा. ‘‘पंपाचा शेवट कुणी बदलत नाही.’’

त्यानं मला कादंबरी सही करून दिली. शाळेच्या पुस्तकांना घालतात तसं माझ्या बायकोनं, सुनंदानं, तिला जुन्या कॅलेंडरचं कव्हर घातलं. ते बघून वॉल्टर एवढा हरखला, की दर शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, जेवायलाच यायला लागला. मी मात्र अकराव्या पानावर झोपलो होतो. एका शुक्रवारी त्यानं विचारलं, ‘‘शेवट कसा वाटला?’’ नायकाची मुलगी रुसून घर सोडते, एवढंच मला माहीत. दिलं ठोकून, ‘‘मुलगी परत येते ना, तिथे रडूच आलं!’’

त्यानं चमचा खाली ठेवला. मग म्हणाला, ‘‘हो... यायला हवी.’’ आणि आणखी वरण मागून घेतलं. पुस्तकाचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. मला वाटलं, केवढा हा विनय!

त्याची स्वतःची मुलगी शिकागोत होती. तिचा फोन आल्याचं सात वर्षांत मी कधी ऐकलं नाही.

सातव्या वर्षी एका शुक्रवारी आम्ही ताटं घेऊन तीन वाजेपर्यंत थांबलो. संध्याकाळी ऑफिसातल्या एकाचा फोन आला. वॉल्टर झोपेतच गेला होता.

आठवड्याभरानं मी ते कव्हरातलं पुस्तक काढलं आणि शेवटपर्यंत वाचलं. मुलगी परत येत नाही. बाप दर रविवारी दोन ताटं मांडतो, एकटाच जेवतो... आणि कादंबरी तिथे संपते. म्हणजे त्याचा शेवट बदलणारा मी दुसरा.

तसाच उठून स्वयंपाकघरात गेलो. शुक्रवारच होता. सुनंदा ताटं पुसत होती, सवयीनं काढलेली तीन.

‘‘अगं, वाचली मी. फार सुंदर लिहिलीय.’’

तिनं मान वर केली नाही. ‘‘सात वर्षं ते समोर बसून जेवले. आता मला काय सांगताय?’’