बाराची तुकडी

"मागे फिरा! अरे, दोघेच उरलात, मागे फिरा रे!"

सुभेदार पडवीतून ओरडत होते. त्या आवाजानं खाडीतल्या तीन होड्या अर्ध्या वाटेतून पलीकडच्या भाट्याला परत गेल्या, हे मी शपथेवर सांगतो. चौथी आली, कारण तिचा तांडेल बहिरा होता. खरं तर मागे फिरायचं होतं ते दोन काजूबियांना.

बसऱ्याच्या लढाईहून परतलेल्या आमच्या सुभेदारांनी जुन्या दाराच्या फळीवर भाट्याची वाळू पसरली होती. वाळूत कालवा, कालव्याला बांध, बांधाला एक खिंडार. लाल दोऱ्याची काजूबी आपला शिपाई, काळ्या दोऱ्याची शत्रूचा. दर वीतभर चालीला सहा कवड्या टाकायच्या. जेवढ्या उताण्या, तेवढे गडी पडले. खिंडार ओलांडण्याआधी निम्मी तुकडी पडली की उरलेल्यांनी पळायचं. मी शेजारी राहणारा, कचेरीत नुकता लागलेला कारकून. दर रविवारी शत्रू मीच. एकदा सुभेदारीणकाकींनी नजरचुकीनं माझी अख्खी पलटण चुलीत भाजली. सुभेदारांनी ती चवीनं खाल्ली आणि विजय जाहीर केला.

तुकडी केवढी असावी, यावर ते तासन् तास बोलत. "चार म्हणजे तुकडी नव्हे, पत्त्यांचा डाव! दोघे पडले की उरलेले दोघे घरचा रस्ता विचारतात. आणि वीस म्हणजे लग्नाची पंगत. दोघे खिंडारात, अठरा उन्हात वाढप्याची वाट बघत!"

"मग सहा?"

"सहा बरे," ते एकदम हळू म्हणत. सुभेदारांचा आवाज उतरला की गल्लीतली कुत्रीसुद्धा चिंतेत पडत.

तिसऱ्या रविवारी त्यांनी या खेळाचं कारण सांगितलं. कालव्यापलीकडे अडकलेल्या आपल्या लोकांना पाणी पोचवायचं होतं. "साहेब म्हणाला, किती पाठवायचे ते तू ठरव. मी बारा म्हटलं. पाणी पोचलं. पाच परत आले." कमी पाठवले असते तर कमी गेले असते का, एवढंच त्यांना त्या वाळूत शोधायचं होतं. चार, पाच, सहा, आठ, वीस, सगळं मांडून झालं. पाणी काही पोचेना. बारा मात्र कधी मांडले नाहीत. मी सुचवलं की कवड्या खिशात जात.

अशी तीन वर्षं गेली. मग एका रविवारी संगमेश्वराकडचा एक नाईक आला. सुभेदारांच्याच पलटणीतला, एका पायानं अधू. फळीकडे बघून म्हणाला, "सुभेदारसाहेब, हे खिंडार इथं नव्हतं." बोटानं बुजवून त्यानं ते वीतभर डावीकडे नेलं; तेवढीच एक चाल वाचली. "आता बारा मांडा."

सुभेदारांनी बारा लाल बिया मोजून मांडल्या आणि कवड्या अशा घोळवल्या की खाडीपलीकडे ऐकू गेल्या. काकी दारात येऊन उभ्या राहिल्या. मी शत्रू असूनही मनातल्या मनात देवाला नारळ बोलून बसलो. खिंडारापर्यंत पाच पडले. निम्मे नव्हेत! सात आत शिरले, पाणी पोचलं. परतीच्या वाटेवर आणखी चार गेले. तीन लाल दोरे अलीकडच्या काठाला लागले.

पुढल्या रविवारी मी गेलो तर पडवीत फळी नव्हती, वाळू नव्हती. सुभेदार भरदुपारी असे घोरत होते की घरावरची कौलं सरकत होती. काकींनी मला हळूच बाहेर काढलं. "झोपू दे रे. बसऱ्याहून आल्यापासून पहिल्यांदा झोपलेत," म्हणाल्या आणि दोन्हीकडच्या पलटणी भाजून माझ्या ओंजळीत घातल्या. तीन वर्षांचं युद्ध मी गल्लीच्या टोकापर्यंत खाऊन संपवलं.

ही झोप लागली ती कवड्यांमुळे असं मी मानत नाही. नाईक आला त्या दिवशी डाव संपल्यावर सुभेदारांनी त्या तीन बिया तळहातावर घेतल्या. मग त्यांनी विचारलं, "खरं सांग नाईक, मी किती पाठवायला हवे होते?"

नाईक तंबाखू मळत होता. वर न बघता म्हणाला, "परत आले त्या पाचांत मी होतो, साहेब. मला बाराच बरे वाटतात."