चौदा सारसांचा अंदाज

संघमित्रा मेश्राम बालाघाटच्या एका कॉलेजात गणित शिकवायची, अतिथी विद्वान म्हणून. म्हणजे नेमणूक दर वर्षी नव्यानं, अन् उन्हाळ्यात घरी बसणं. नागपुरात तिची पीएचडी चालू होती. वडिलांना लकवा झाला, ती परत आली, आणि शेवटचं प्रकरण राहिलं ते राहिलंच.

विषय कोणी विचारला तर ती सांगायची, कोणता जीव कधी जन्मेल, कधी मरेल, ते दैवाच्या हाती. एकेक जन्म-मरण धरून हिशेब मांडणं फार लांबतं, म्हणून गणितवाले जवळपासचं उत्तर काढतात. सगळे चढउतार एका गुळगुळीत रेषेत बसवून टाकतात. लाखभर मच्छरांना ती रेषा चालते.

प्रकरणाला खरं उदाहरण हवं होतं. किरनापूरच्या वाटेवर जिजाबाई नावाच्या म्हातारीची धानाची बांधी होती. तिथं अन् आसपासच्या तलावांवर मिळून चौदा सारस. जिजाबाईनं अकरा वर्षं घराच्या भिंतीवर गेरूनं अंड्यांच्या, पिल्लांच्या रेघा ओढल्या होत्या. संघमित्रानं त्या उतरवून घेतल्या आणि आपली रेषा काढली. दहा वर्षांत सारस नाहीसे होण्याची शक्यता निघाली शंभरात चार.

सारसांच्या घरट्यांवर राखणदार नेमणाऱ्या सरकारी दप्तरानं तिच्याकडून अहवाल मागितला. साहेबांना एकच ओळ हवी होती. तिनं लिहिलं, ‘स्थिती स्थिर’. संख्या लहान असली की ही पद्धत फसते, हे खाली बारीक अक्षरांत टाकलं. पुढच्या हंगामात घरट्यांवरचा राखणदार काढला गेला.

ते कळलं तेव्हा तिनं कॉलेजच्या कॉम्प्युटरवर लांबचा हिशेब मांडला. एकेका अंड्यासाठी, एकेका मरणासाठी चिठ्ठी टाकावी तसा, दहा हजार वेळा. साडेतीन हजार वेळा, म्हणजे शंभरात पस्तीसदा, शेवटी एकही पक्षी उरला नाही.

कागद घेऊन ती दप्तरात गेली.

“मॅडम, फाइल तो बंद हो गई,” बाबू म्हणाला. “अब अगले सर्वे में देखेंगे.”

पहिल्या वर्षी दोन सारस विजेच्या तारेला लागून मेले. मग एका पावसात तीन घरटी बुडाली. पुढं दोन वर्षं पिल्लं कुत्र्यांनी नेली. मोठे पक्षीही एकेक करून मरत गेले; जोडीदार गेलेले कुठं उडून गेले, पुन्हा फिरकले नाहीत. सहाव्या वर्षी जिजाबाईनं फोन करून तिला बोलावलं.

“महिना झाला वाट पाहून राह्यलो, पोरी. एकही नाही आला. राखणदार असता त कुत्रे तरी हाकलले असते. त्याले काहून काढलं होतं?”

“माह्या कागदावरून, आजी.”

जिजाबाई सूप उचलून आत गेली. दर वेळी व्हायचा तो चहा त्या दिवशी झाला नाही.

पीएचडीचं प्रकरण पुरं झालं. नागपुरात तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले प्राध्यापक भलतेच खूश होते. “ही पद्धत कुठं फसते, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मी पाहिलं नव्हतं. नशीबवान आहात, असा डेटा मिळाला!”

“हौ, सर,” संघमित्रा म्हणाली. मान तिनं वर केली नाही.