दुसऱ्यांदा मागितलेली आमटी

आमच्या अंबरनाथच्या घरमालकांना मोजता येणार नाही अशी वस्तू ब्रह्मदेवाने घडवलीच नव्हती. फॅक्टरीच्या स्टोअरमधून निवृत्त झालेले काका कुकरच्या शिट्ट्या मोजत, आरतीत चुकलेल्या टाळ्या मोजत, आणि लग्नाच्या पंगतीत आमटी कितीजणांनी पुन्हा मागितली ते बोटांवर धरत. "पहिल्यांदा वाढतातच हो, बाई. दुसऱ्यांदा मागतात तो आचारी खरा. अन् घरच्यांनी मागितली तर धरायची नाही!" या नादात एकदा भाचीच्या लग्नातून उपाशी उठले.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. संशोधनाच्या अनुदानाचा फॉर्म आणून ठेवला होता, पण भरायला हात धजेना. माझे लेख कुणी वाचतं तरी का? हे काकांपाशी बोलले आणि झालं! उतारवयात त्यांनी उल्हासनगरच्या कॉम्प्युटर क्लासात नाव घातलं होतं. चपला बाहेर काढून, देवळात शिरावं तसे आत जात. क्लासचा सिंधी मालक कपाळाला हात लावी, "साईं, आपका दो मिनिट कब खतम होता है?" कुणी कुणाच्या लेखाचा आधार घेतला याच्या जाडजूड सूची मुंबईच्या लायब्ररीत असत. त्यांत माझं नाव शोधून काकांनी सगळं उतरवून आणलं आणि बारा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. चार लेखांचा प्रत्येकी निदान चारदा परक्यांनी आधार घेतला, तर आकडा चार; पाचांचा पाचदा, तर पाच. स्वतःच स्वतःचा उल्लेख केला तर बाद. घरच्यांची आमटी!

माझा आकडा आला एक. मी "बरं" म्हटलं, वर येऊन फॉर्म कपाटात कोंबला आणि पोटभर रडले.

दोन दिवसांनी काका माझा स्टीलचा डबा परत द्यायला आले आणि त्यावर कोरलेलं नाव वाचत दारातच थबकले.

"बाई, ही कोण?"

"मीच. माहेरचं नाव. बीएस्सी झाले तेव्हा आईने घेतलेला डबा."

"अन् लेख लग्नाआधीचे?"

"बरेचसे." आणि मीच जीभ चावली.

"अहो, मग आधी नाही का सांगायचं! तुमची आमटी दुसऱ्याच बाईच्या नावावर गेली की!"

भल्या माणसाने सगळ्या सूची पुन्हा चाळल्या. प्रोग्रॅमला तेरावी ओळ जोडली: माहेरची आणि सासरची, बाई एकच. मग प्रिंटरमधून काढलेला कागद फडकवत, धापा टाकत जिना चढून आले. "सहा, बाई! सगळी परक्यांनी मागितलेली!"

मी त्याच दिवशी फॉर्म भरला. अनुदान मिळालं, आणि माझं पुढचं सगळं काम त्यावर उभं राहिलं.

काका आता नाहीत. कडेला भोकं असलेला तो कागद त्याच डब्यात आहे. इतके लेख लिहिले, पण आभारात काकांचं नाव घालायचं एकदाही सुचलं नाही, याची लाज वाटते. म्हणून आज हे लिहिलं. पण काका हा उल्लेख धरायचे नाहीत. मी त्यांच्या घरचीच ना!