रिकामी वलांडी आणि न उचललेले पंधरा लाख

मुरबे सोडलं तेव्हा मी सुक्या बोंबलांच्या गोण्या भरलेल्या टेम्पोत पुढे बसले होते, मांडीवर गॅसची शेगडी घेऊन. नवऱ्याला तारापूरच्या कारखान्यात नोकरी लागली होती आणि कुंभवलीत खोली मिळाली होती. अंतर तासाभराचंही नाही, पण सगळी आळी मला परदेशी धाडायला आल्यासारखी जमली. रडणाऱ्यांतल्या अर्ध्या जणी वर्षभर माझ्याशी बोलत नव्हत्या. आई रडली नाही. जादा गोण्या भरल्याबद्दल तिने टेम्पोवाल्याला झापलं आणि मला म्हणाली, "तुजी वलांडी मी कोनाला देनार नाय, बाय."

वलांडी म्हणजे बोंबील वाळत घालायचा बांबूंचा मांडव. आमच्या घराच्या दोन होत्या, त्यातली एक माझी. मला हसू आलं. कुंभवलीत राहून मी तिचं काय करणार होते?

हे मी गावात राहिलेल्यांसाठी लिहितेय आणि माझ्यासारख्या इकडे आलेल्यांसाठीही, कारण शहाणपणाचा मक्ता दोघांनाही आपल्याकडेच आहे असं वाटतं. गावातले म्हणतात, तुमच्याकडे केमिकलचा वास येतो. इथे कुंभवलीच्या चाळीतले म्हणायचे, तुमच्या डब्याला वास येतो. स्वतःच्या घरात मात्र कुणाचंच नाक चालत नाही.

मी कामगारांचे हातमोजे शिवायला लागले. एका मशीनची अकरा झाली, खोलीतून भाड्याच्या गाळ्यात आले. मग बँकेचा माणूस आला. त्याला महिन्याचं टार्गेट पुरं करायचं होतं, आणि ते लपवण्याइतकीही हुशारी त्याच्यात नव्हती. "मॅडम, पंद्रह लाख का ओवरड्राफ्ट ले लो. यूज मत करो. पड़ा रहेगा तो स्कोर बढ़ेगा."

मी घेतला, म्हणजे लागेल तेव्हा पंधरा लाखांपर्यंत उचलायची मुभा. वापरायचा नव्हता आणि वापरला नाही. दरवर्षी नूतनीकरणाचे पैसे कापून जायचे, तेही मी जाऊ दिले. माझा भाऊ नरेश गावभर सांगत सुटला की तायकडं पंधरा लाख हायत. जणू मी ते पत्र्याच्या पेटीत घालून वर बसलेय. आणि खोटं कशाला सांगू, ते ऐकायला मला बरं वाटायचं.

गेल्या वर्षी गाळ्याच्या मालकाने गाळा विकायला काढला. महिनाभरात मी घेतला नाही तर दुसरा घेणार होता, आणि मग अकरा मशीन आणि नऊ बाया रस्त्यावर. व्याज कमी म्हणून मी कर्जासाठी दुसऱ्या बँकेत गेले. तिथली अधिकारी माझ्या मुलीच्या वयाची. म्हणाली, "काकू, तुमचा क्रेडिट स्कोअर उत्तम आहे. ओव्हरड्राफ्ट न वापरल्याने तो बिघडलेला नाही. पण मागताय तेवढं कर्ज बसत नाही."

"का? मी कुणाचा रुपया देणं लागत नाही."

"पण हे पंधरा लाख तुम्ही उद्या उचललेत तर? मग आमचा हप्ता कुठून भराल? म्हणून आम्ही ते घेतल्यासारखेच धरतो."

म्हणजे जे घेतलंच नाही, त्यासाठी मी कर्जबाजारी. पायऱ्या उतरताना मी त्या पोरीला मनात भरपूर शिव्या दिल्या. घरी येईपर्यंत कळलं की तिचं बरोबर होतं, त्यामुळे आणखी राग आला.

दुसऱ्या दिवशी जुन्या बँकेत जाऊन म्हटलं, ओव्हरड्राफ्टची मर्यादा दोन लाखांवर आणा. तोच माणूस. "मॅडम, स्कोर गिर जाएगा!" मी विचारलं, पंधरा लाखांतले शून्य वापरले आणि दोन लाखांतले शून्य वापरले, यात फरक काय? त्याने चहा मागवला. बदल नव्या बँकेला दिसेपर्यंत तीन आठवडे गेले. कर्ज मंजूर झालं तेव्हा मुदतीचे चार दिवस उरले होते.

गाळा नावावर झाला त्याच आठवड्यात नरेशचा फोन. "ताय, औंदा बोंबील लय हाय. तुजी वलांडी रिकामीच उभी हाय. आमी घालू का?"

"मला काय विचारतोस?"

"आय नाय देत. बोलते, ती उद्या आली तं?"

उद्या. तोच शब्द मी महिन्यापूर्वी बँकेत ऐकला होता. पोरीला त्या उद्याची भीती होती, आई त्याच उद्याच्या भरवशावर दरवर्षी वलांडीचे बांबू बदलत होती. मी वीस वर्षांत एक बोंबील वाळत घातला नव्हता, आणि वहिनी जागा नाही म्हणून रस्त्यावर मासळी पसरत होती. आणि मी बँकेच्या माणसाला मूर्ख म्हणत होते. आईला फोनवर घेऊन मी सांगितलं, मी येणार नाही, देऊन टाक. ती म्हणाली, "बरा."

दिवाळीनंतर गेले. वलांडी भरली होती, जोडीजोडीने बोंबील लटकत होते. सगळ्यात वरचा एक बांबू तेवढा मोकळा, आईने नवी दोरी बांधलेला. वहिनी माझ्याकडे बघत होती. मी आता त्या बांबूवरूनही शहाणपण शिकवेन, असं तिला वाटलं असावं.

मी तो बांबू तसाच राहू दिला. दोन लाख मीही ठेवलेतच की.